दोन सुटकेस आणि एक बेसमेंट

ताई, नमस्कार.

आमचा मुलगा (त्याला चिन्मय म्हणू) 27 वर्षांचा आहे. जन्म, शाळा, सगळं इथलंच, न्यू जर्सीतलं. 2020 साली पदवी मिळाली, तीही कोविडमुळे लॅपटॉपसमोर टोपी घालून. नोकरी आहे, वर्षाला 62 हजार डॉलर मिळतात. भाडं झेपेना म्हणून दोन वर्षांपूर्वी घरी परत आला, बेसमेंटमध्ये राहतो. कॉलेजचं कर्ज सरकारचं 27 हजार आणि एका खासगी बँकेचं 34 हजार. खासगीवर जामीन म्हणून ह्यांची सही आहे.

दिवसभर तोंडाने एकच: पैसे नाहीत, घर होणार नाही, सरकारने वाट लावली. आणि दारात बघावं तर खोकं! या वर्षी गेमचं यंत्र झालं, झोप मोजणारी अंगठी झाली, आता कॅमेऱ्याचा चष्मा, तोही हप्त्यांवर. मी बेरीज केली, 2,100 डॉलर. शिवाय दर महिन्याला 140 डॉलर कापले जातात, अंगठीचे, गेमचे, सिनेमांचे, कसल्याशा एआयचे. गेल्या उन्हाळ्यात मुंबईहून परतताना विमानतळावर अधिकाऱ्याने त्याचा फोन मागून घेतला, अर्ध्या तासाने दिला. तेव्हापासून ‘आपल्यावर पाळत आहे’ हा विषय रोज जेवणात असतो. ऑनलाइनही लिहीत असतो. माझे वडील आणीबाणीत मिसाखाली आत होते. मी सहा वर्षांची होते. मला धडकी भरते.

हे म्हणतात, आम्ही 1996 मध्ये दोन सुटकेस घेऊन आलो, तीन वर्षांत घर घेतलं, तेही पावणेआठ टक्क्यांनी, या पोरांना सगळं फुकट हवंय. (घर 1 लाख 62 हजारांना मिळालं, ह्यांचा पगार तेव्हा 58 हजार होता. परवा शेजारचं तसंच घर 5 लाख 40 हजारांना गेलं.) बापलेकांचं बोलणं बंद आहे. त्यात आमच्या मागच्या मोकळ्या जागेवर 180 अपार्टमेंट येणार आहेत, ती थांबवायला हे सह्या गोळा करतायत, त्यामुळे घरी वेळच नसतो. खर्च कमी कर आणि तोंड सांभाळ, हे मुलाला कसं समजावू?

— एक आई, मध्य जर्सी

*

नमस्कार.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही अगदी जाता जाता लिहून गेलात. मी तिथेच अडकले, पण त्याच्याकडे शेवटी येते. आधी खोक्यांचा हिशेब करू, कारण 22 वर्षं एका क्रेडिट युनियनमध्ये कर्जाच्या टेबलावर काढल्यावर मला दुसरं काही सुचत नाही.

शेजारचं घर 5 लाख 40 हजारांचं. वीस टक्के आगाऊ म्हणजे 1 लाख 8 हजार. चिन्मयने आजपासून एकही खोकं मागवलं नाही आणि वर्षाचे 2,100 डॉलर बाजूला टाकले, तर ही रक्कम 51 वर्षांत जमेल. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गृहप्रवेश! तेव्हा ‘हे चष्मे घेतोस म्हणून घर होत नाही’ हे वाक्य आधी घरातून हद्दपार करा. ते खोटं आहे, आणि त्याला ते खोटं आहे हे माहीत आहे. एकदा आपण आकड्यात खोटे पडलो की पुढचं आपलं खरं बोलणंही मुलं ऐकत नाहीत.

आता दुसरी बेरीज. तुमचं घर तुमच्या यजमानांच्या पगाराच्या पावणेतीनपट होतं. तेच घर आज चिन्मयच्या पगाराच्या जवळजवळ पावणेनऊपट आहे. बाबांच्याच मापाने घर घ्यायचं तर त्याला वर्षाला 1 लाख 93 हजार मिळवायला हवेत. तुमच्या यजमानांनी पावणेआठ टक्के दिले हे खरंच, मी नाही म्हणत नाही. पण 2021 च्या सुरुवातीला तीस वर्षांच्या मॉर्गेजचा, म्हणजे गृहकर्जाचा, दर पावणेतीनच्याही खाली गेला होता, तेव्हा त्यांनी रीफायनान्स केलं की नाही, म्हणजे जुनं कर्ज फेडून कमी दराचं नवं घेतलं की नाही? आम्ही सगळ्यांनीच केलं. ऑक्टोबर 2023 मध्ये हाच दर आठाला टेकत होता. एवढा स्वस्त कागद हातात असलेला माणूस घर विकायला काढत नाही, आणि बाजारात घर येत नाही म्हणून भाव उतरत नाही. रिअल्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या 2025 च्या पाहणीत पहिलं घर घेणाऱ्याचं मधलं वय 40 निघालं. घर घेणाऱ्यांत पहिलटकर फक्त 21 टक्के. म्हणजे तुमचा मुलगा मागे पडलेला नाही. तो सगळ्यांच्या बरोबरच उभा आहे, पण रांगच सरकत नाही.

तुमचे यजमान कष्टाने वर आले यात शंका नाही. मीही तशीच आले. पण आपल्या सुटकेसमध्ये एक वस्तू होती ती आपण कधी मोजली नाही: भारतातली जवळजवळ फुकट पदवी. चिन्मयने सुरुवातच वजा 61 हजारांवरून केली.

त्या 27 हजारांची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण त्याच्या रागाचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं. तो मे 2020 मध्ये बाहेर पडला. मार्चमध्येच सरकारने कोविडमुळे हप्ते आणि व्याज थांबवले होते. ऑगस्ट 2022 मध्ये जाहीर केलं की 10 हजार माफ, काहींना 20 हजार. 30 जून 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ती माफी सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली, शिक्षण मंत्रालयाला एवढा अधिकारच नाही म्हणून. ऑक्टोबर 2023 पासून हप्ते सुरू. त्याच सुमारास ‘सेव्ह’ नावाची सवलतीची योजना आली होती, तो बहुतेक तिच्यात गेला असणार. जुलै 2024 मध्ये अपील न्यायालयाने ती गोठवली, पुन्हा हप्ते बंद. जुलै 2025 च्या कायद्याने ती योजनाच मोडीत काढली आणि 1 ऑगस्ट 2025 पासून व्याज पुन्हा चढायला लागलं. तो सेव्हमध्ये असेल तर पहिल्या पाच वर्षांत त्याने नियमित हप्ते भरले जेमतेम नऊ-दहा महिने. तुम्ही एखाद्या पोराला असं कर्ज द्या, दर वर्षी नियम बदला, आणि मग विचारा की तुला पैशाची शिस्त का नाही!

म्हणून ‘सरकारने वाट लावली’ हे ऐकून मला हसू येत नाही. या पिढीला सरकार मोठं आहे याचा राग आहे की लहान आहे याचा, असा वाद टीव्हीवर चालतो. 2024 मध्ये तरुण मुलगे मोठ्या संख्येने ट्रम्प यांच्याकडे वळले. पुढच्याच वर्षी हडसनपलीकडे न्यूयॉर्कमध्ये तरुणांनी भाडं गोठवायचं आश्वासन देणाऱ्या ममदानींना महापौर केलं. पक्षाच्या खुंटीला हे टांगता येत नाही. मला विचाराल तर यांचा राग धरसोडीवर आहे. सरकार नको तिथे हात घालतं आणि हवं तिथे हात वर करतं.

उदाहरणार्थ, त्याचं गेमचं यंत्र. त्याने घेतलं ते निन्टेन्डोचं स्विच 2 असेल तर त्याची किंमत 2 एप्रिल 2025 ला जाहीर झाली, 450 डॉलर. त्याच दिवशी व्हाइट हाऊसच्या बागेत जगभरच्या मालावरचे टॅरिफ, म्हणजे आयात कर, जाहीर झाले. दोन दिवसांत कंपनीने अमेरिकेतली आगाऊ नोंदणी थांबवली. पंधरवड्याहून जास्त पोरं ताटकळली, मग यंत्र जुन्याच भावात आलं, पण सोबतच्या सामानाची किंमत वाढली. ते टॅरिफ ज्या कायद्याखाली लावले तो 1977 चा, आंतरराष्ट्रीय आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांचा. राष्ट्राध्यक्षांनी ऊठसूट आणीबाणी पुकारू नये म्हणून त्या वर्षी इथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, तो मुळात लगाम म्हणून केला होता. 1977, म्हणजे भारतात आणीबाणी उठली ते वर्ष. लगामाचाच चाबूक झाला, एवढंच म्हणते. आणि याची झळ फक्त गेम खेळणाऱ्यांना बसली असं नाही. 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरखालच्या पार्सलांची करमाफी गेली, भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं थांबवली ती ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. आमच्याकडे त्या वर्षी दिवाळीला चकली इथल्याच एडिसन गावातल्या दुकानातली होती.

आता तुमचा खरा प्रश्न. एवढं सगळं खरं असताना तो चष्मे कशाला घेतो?

कारण तेवढंच त्याच्या आवाक्यात आहे. घराला किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही, कर्ज किती फिटेल ते सांगता येत नाही, 26 पूर्ण झाल्यावर आरोग्य विम्यासाठी तो आईवडिलांच्या पॉलिसीतून बाहेर पडला. चष्म्याची किंमत मात्र लिहिलेली असते आणि तो उद्या दारात येतो. आपण नाही का, 1996-97 मध्ये पहिल्या पगारातून व्हीसीआर घेतला? मी घेतला होता. घरात गादी नव्हती, जमिनीवर झोपून सिनेमे बघायचो.

फरक एवढाच की व्हीसीआर माझा होता. हल्लीची यंत्रं घेतली तरी आपली होत नाहीत. ह्युमेन नावाच्या कंपनीने एप्रिल 2024 मध्ये छातीला लावायची एआय पिन काढली. किंमत 699 डॉलर, वर महिन्याला 24. पुढच्या फेब्रुवारीत कंपनीचा बराचसा भाग एचपीने 11 कोटी 60 लाख डॉलरना घेतला आणि 28 फेब्रुवारी 2025 ला पिनचे सर्व्हर बंद. शेवटच्या नव्वद दिवसांत माल मिळाला त्यांना पैसे परत, बाकीच्यांच्या छातीवर बिल्ला. चिन्मयला ही गोष्ट माहीत असेलच, पण त्याच्या अंगठीला लावून बघायला सांगा: महिन्याचे पैसे थांबवले तर यातलं काय काय चालू राहतं?

म्हणूनच मी खोक्यांपेक्षा त्या 140 डॉलरवर बोट ठेवते. वर्षाला 1,680 होतात. त्याचं सरकारी कर्ज 27 हजार म्हणजे चार वर्षांची कमाल मर्यादा, 2016 ते 2020. त्या वर्षांचे दर पावणेचार ते पाच टक्क्यांच्या घरात होते, वर्षाचं व्याज साधारण 1,215. सरकारच्या ज्या व्याजावरून तो रोज जेवताना चिडतो, त्याच्यापेक्षा जास्त पैसे तो न बघता कापू देतो. हे त्याला ओरडून सांगू नका. कागदावर दोन आकडे शेजारी शेजारी लिहा आणि फ्रिजवर चिकटवा. (वर्गणी बंद करायचं बटण सहज सापडलं पाहिजे असा नियम व्यापार आयोगाने केला होता. लागू व्हायच्या आधी काही दिवस, जुलै 2025 मध्ये, अपील न्यायालयाने तो उडवला. म्हणजे हात वर. बटण शोधायला त्याला एक शनिवार द्यावा लागेल.)

कर्जासाठी दोन कामं. सेव्हमध्ये अडकून असेल तर स्टुडंट एडच्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन उत्पन्नावर आधारित जुन्या योजनेत, आयबीआरमध्ये, अर्ज करायला सांगा. त्याने पहिलं कर्ज जुलै 2014 नंतर घेतलंय, त्यामुळे त्याला गरजा वजा जाता उरलेल्या उत्पन्नाच्या 10 टक्क्यांचा हप्ता लागेल, 15 चा नाही. हप्ता खात्यातून आपोआप कापायला दिला की व्याजात पाव टक्का सूट. आणि खासगी 34 हजारांकडे जास्त लक्ष द्या. तिथे अशा सवलती नाहीत, आणि हप्ता चुकला तर सही करणाऱ्या तुमच्या यजमानांचाही क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत, पडेल. चष्म्याचे हप्ते संपले की तेवढेच पैसे तिकडे.

बेसमेंटचं भाडं घ्या. चारशे म्हणा, पाचशे म्हणा, पण ठरवून, लिहून. ते गुपचूप साठवून पुढे लग्नात वगैरे परत द्यायचं जे आपल्याकडे चालतं ते मात्र करू नका. 27 वर्षांच्या माणसाला भाडेकरू मानायचं तर नीट माना.

आता पाळत. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की अटक केलेल्या माणसाचा फोनही पोलिसांनी वॉरंटशिवाय उघडायचा नाही. पण सीमेवर, म्हणजे विमानतळावरही, तो नियम लागत नाही. 2024 च्या आर्थिक वर्षात देशात आलेल्या सुमारे 42 कोटी प्रवाशांपैकी 47 हजारांच्या आसपास लोकांची उपकरणं अशी तपासली गेली. प्रमाण नगण्य, पण ज्याचा फोन जातो त्याला टक्केवारीने बरं वाटत नाही. तो नागरिक आहे. पासकोड द्यायला नकार दिला तर फोन ठेवून घेऊ शकतात, त्याला खोळंबून ठेवू शकतात, पण देशात यायला मनाई करू शकत नाहीत. पुढच्या वेळी उतरायच्या आधी फोन बंद करायचा, चेहऱ्याने उघडणं बंद ठेवायचं. तुमचे सासू-सासरे व्हिसावर येत असतील तर त्यांना ही सोय नाही, त्यांना परत पाठवू शकतात, तेव्हा त्यांना हे धडे देऊ नका.

गंमत अशी की सरकारला एवढा खटाटोप करायची गरजच क्वचित पडते. 2023 मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर प्रमुखांच्या कार्यालयाने खुला केलेला एक अहवाल आहे. त्यात स्वच्छ म्हटलंय की गुप्तचर खाती लोकांची माहिती बाजारातून विकत घेतात. अ‍ॅपने गोळा केलेली, दलालाने विकलेली. वॉरंट नाही, काही नाही, पावती फाडली की झालं. पाळतीच्या नावाने खडे फोडणारा मुलगा बोटात अंगठी आणि नाकावर कॅमेरा घालून बसतो, हा विनोद त्याला कळेल. तुम्ही मात्र तो टोमणा म्हणून मारू नका. ‘यातलं काय कुठे जातं ते मला दाखव’ म्हणा आणि त्याच्याकडून सेटिंग बंद करून घ्या, त्याच्या आणि तुमच्याही फोनवर. घरात नियम करा: जेवताना आणि पाहुण्यांसमोर चष्मा टेबलावर. आणि नदी ओलांडून पेनसिल्वेनियात मित्रांकडे जातो का? न्यू जर्सीत संभाषणातल्या एकाची संमती असली की आवाज टिपता येतो, पेनसिल्वेनियात सगळ्यांची लागते.

‘तोंड सांभाळ’ हे मात्र मी समजावणार नाही. तुमची धडकी मला कळते. सहा वर्षांच्या मुलीने जे पाहिलं ते पन्नास वर्षांनीही पोटात असतं. पण जन्माने नागरिक असलेल्या माणसाने सरकारवर टीका करणं हा इथे घटनेने दिलेला हक्क आहे. पुण्याहून भाचा-पुतण्या शिकायला येणार असेल तर गोष्ट वेगळी. जून 2025 पासून विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना सोशल मीडियाची खाती उघडी ठेवायला सांगतात, त्याला सांभाळून राहायला सांगा. चिन्मयला आजोबांची गोष्ट सांगितलीत का कधी? पत्रावरून वाटतं, नाही. त्याला वाटत असेल की या घरात फक्त तोच सरकारवर चिडतो. आणि आजोबांना त्यांच्या आईने काय सांगितलं असेल? तोंड सांभाळ, हेच ना?

आता ते वाक्य. 180 अपार्टमेंट.

ही मुलं म्हणतात सरकार आमच्या आयुष्यात ढवळाढवळ करतं, आणि आपण वॉशिंग्टनकडे बघतो. पण एका एकरात किती घरं बांधायची, सामाईक भिंतीची घरं चालतील की नाही, गाडीला किती जागा सोडायची, हे ठरवतं ते आपलं टाउनशिप, म्हणजे गावचा कारभार. आणि टाउनशिपला ‘नको’ म्हणायला लावतो ते आपण. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये माउंट लॉरेल गावाच्या खटल्यात सांगितलं होतं की झोनिंगचे, म्हणजे कुठे काय बांधायचं याचे, नियम वापरून गावांनी कमी उत्पन्नवाल्यांना बाहेर ठेवायचं नाही. पन्नास वर्षं गावं त्यातून पळवाटा काढतायत, म्हणून 2024 मध्ये राज्याला नवा कायदा करावा लागला. तुमच्या यजमानांची काळजी खोटी नाही. मालमत्ता कर राज्यात सरासरी वर्षाला 10 हजारांच्या वर गेलाय, शाळेत वर्ग भरलेत, रस्त्यावर गर्दी आहे. मीही आमच्या गावात अशाच एका कागदावर सही केली होती, पंधराएक वर्षांपूर्वी. माझी मुलगी आता टेक्ससमध्ये राहते. तिथे घरं बांधतात.

त्या 180 मधलं एखादं भाड्याने चिन्मयला झेपलं असतं का, हे तुमच्या यजमानांनी कधी विचारलं नसेल. तुम्हीही नाही. विचारा. पुढच्या मीटिंगला दोघांना बरोबर पाठवा. लोकांना बोलायला वेळ देतात, बहुतेक ठिकाणी माणशी काही मिनिटं. बाबांनी विरोधात बोलावं, मुलाने बाजूने बोलावं, एकाच आडनावाचे दोन लोक ऐकून नियोजन मंडळाची झोप तरी उडेल. जाताना गाडीत बोलले नाहीत तरी चालेल. आणि तिथे त्याने चष्मा घातला तर घालू द्या: सार्वजनिक सभेचं चित्रीकरण करायचा लोकांचा हक्क न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच मान्य केलाय. फक्त बॅटरी आधी भरून घ्यायला सांगा, या सभा अकरा-अकरा वाजेपर्यंत चालतात.